पोट सोडायला लावणारे निकममास्तर

निकममास्तर गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावायचे आणि गप्प उभे राहायचे. गिऱ्हाईक पोट आत ओढून, श्वास रोखून ताठ. मास्तर भिंतीकडे बघत राहायचे. गिऱ्हाईक लालबुंद झालं की ओरडायचे, "पेट छोड़िए, साहब! पतलून को सच बताइए!" तेलीबागेतले बाकीचे दर्जी गोड बोलून गिऱ्हाईक फसवायचे, आमचे मास्तर खरं बोलून ते पळवायचे. मी रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन लखनौला आलेला. दोन शब्द मराठीत बोलायला मिळतात म्हणून मी पळालो नाही.

मास्तर मूळचे कराडकडचे. पलटणीला न्हावी, धोबी, मोची असतात तसा दर्जीही असतो; ते पलटणीचे दर्जी. रिटायर झाल्यावर छावणीजवळच दुकान टाकलं आणि बायको गेल्यावरही तिथेच राहिले. सकाळी मशीनवर बसले की दिवे लागेपर्यंत उठायचे नाहीत. प्रत्येक कपड्याच्या शिवणीत ते भरमसाट जादा कापड दुमडून ठेवायचे. "दाब ठेवलाय, सायेब. मानूस वाढतो, न्हाई तर वाळतो. कापडानं तयारीत ऱ्हावं." त्या दाबापायी मी लखनौचे उन्हाळे घोंगडं गुंडाळल्यासारखे काढले.

रेडिमेडवाल्यांनी निम्मं गिऱ्हाईक नेलं त्याचं मास्तरांना फारसं काही वाटत नव्हतं. सल होता तो मुलाचा. विलास हजरतगंजला बँकेत ऑफिसर. "पिताजी फौज में सूबेदार थे," असं त्यानं बँकेत ठोकून दिलं होतं. ज्या मशीनच्या कमाईवर शिकून मोठा झाला, तिचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटत नव्हती. पुढे मास्तर गेले तेव्हा पेपरातल्या निधनाच्या बातमीतही त्यानं सुभेदारच छापून आणलं. मेलेल्या माणसाला बढती देणारा मुलगा मी तेवढा एकच पाहिला.

नातीच्या, नेहाच्या, वाढदिवसाला मास्तर मला घेऊन गेले. सोबत स्वतः शिवलेला फ्रॉक, अर्थातच वाढीचा विचार करून. नेहानं तो उलगडला तर आत तिची आईसुद्धा मावली असती. सगळे हसले. "मोठी झाली की घालेल हं," असं म्हणून सूनबाईंनी तो कपाटात कोंबला. इथवर ठीक होतं. मग केकपाशी विलासच्या मॅनेजरनं अदबीनं विचारलं, "सूबेदार साहब, लड़ाई में आप क्या करते थे?"

विलासचा चेहरा उतरला. मास्तर उठून उभे राहिले.

"हम दर्जी थे, साहब. जिसका पैर कट जाता था, उसकी पतलून का एक पाँव काट के सी देते थे. खाली कपड़ा लटकना नहीं चाहिए न."

मेणबत्त्या तशाच जळत राहिल्या. विलास त्यांना बाल्कनीत घेऊन गेला. "बाबा, आजचा दिवस तरी..." एवढंच मला ऐकू आलं. त्यानंतर त्या घरचं बोलावणं बंद झालं. दिवाळीलासुद्धा नाही.

मास्तरांनी फ्रॉक शिवणं मात्र सोडलं नाही. पण पोर वाढते, तिचं माप आणायचं कुठून? मग ते दुपारी दुकान बंद करून नेहाच्या शाळेच्या फाटकासमोर उभे राहायला लागले. लांबून डोळ्यांनीच माप घ्यायचं आणि परत यायचं. हाक मारायची नाही. "इलासला कळलं तर पोरीला बोलनी बसतील," म्हणायचे.

एकदा मी सोबत होतो. शाळा सुटली, नेहा मैत्रिणींबरोबर बाहेर आली आणि त्या दिवशी नेमकी तिची नजर आमच्यावर पडली. मास्तरांनी घाईघाईनं सदरा नीट केला. मैत्रिणीनं विचारलं, "कौन हैं ये?"

नेहानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "हमारे टेलर हैं." आणि रिक्षात जाऊन बसली.

माझं डोकं फिरलं. परतीच्या टेम्पोत मी म्हणालो, "बापावर गेलीय कार्टी!"

"तसं बोलू नगा, सायेब. पोर खोटं न्हाई बोलली. सुभेदार न्हाई म्हनाली."

"पण आजोबा म्हणता आलं असतं की!"

तेलीबाग आली. रोज टेम्पोतून उडी मारून उतरणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी उतरायला माझा हात धरला, आणि दुकानाच्या दारापर्यंत सोडला नाही.