भोंगा वाजल्यावर आधी कोण

मधुवंतीच्या आगीच्या प्रशिक्षणाला शून्य गुण मिळाले. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून आपण थोडं मागे जाऊन सुरुवात करू. दिनकररावांनाही तसंच धरून चालायला आवडतं.

दिनकरराव जिंतूर रोडवरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे मुकादम. त्यांच्याकडे परभणीहून मधुवंती नावाची मुलगी महिनाभर येत होती. तिने कामगारांना दोन गोष्टी शिकवल्या. कापूस घेऊन आलेल्या माणसाशी सौजन्याने बोलायचं, आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून शेडबाहेर कडुलिंबाखाली जमायचं. तिची ही पहिलीच नोकरी. आता कंपनीचा माणूस मूल्यमापनाला येणार होता. दोन्ही प्रशिक्षणांच्या गुणांची सरासरी निम्म्यावर आली तर मधुवंती कायम, नाहीतर घरी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सरकी वेचणाऱ्या मनकर्णाबाईंनी डबा खाता खाता ते तिच्याकडून काढून घेतलं, आणि मनकर्णाबाईंना कळल्यावर भोंग्याची गरज उरत नाही.

"पोरीची नोकरी आता आपल्या पायात हाय," दिनकररावांनी सगळ्यांना बजावलं. "भोंगा झाला की पळायचं. चप्पल हुडकत बसायचं न्हाई."

मनकर्णाबाईंनी तर घरीही सराव लावला. कुकरची शिट्टी झाली की त्या अंगणात जाऊन उभ्या राहत. भात करपायला लागला, पण वेळ सुधारली.

मूल्यमापन करणारा सारंग आला तो शेतकऱ्याच्या वेशात. वजनकाट्यावर रंगनाथ होता. सारंगने कापसाचा भाव विचारला. भाव काढायला आलेला हा कुणी व्यापारी असणार, असं रंगनाथला वाटलं.

"काटा बंद हाय, दिसंना का?" रंगनाथ म्हणाला. "डोकं खाऊ नको. सावलीत बस गप."

सावलीत बस म्हटलं होतं, हे रंगनाथ नंतर पुनःपुन्हा सांगत राहिला. पण सारंगने ओळख दिली आणि सौजन्याला शून्य मांडलं. मधुवंती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आता सगळी भिस्त भोंग्यावर.

सारंग शेडमध्ये चहाचा कप घेऊन बसलेला असताना भोंगा वाजला. सगळे खरंच पळाले. चप्पल कुणीही हुडकली नाही. दाराशी पोचले आणि थांबले. दाराची एक झडप कायमची अडकलेली, त्यामुळे एका वेळी एकच माणूस जाणार. सगळ्यांत पुढे दिनकरराव, आणि दाराशी आतच उभी मधुवंती.

"काका, चला ना बाहेर."

"तू हो फुडं."

"प्रशिक्षकाने सगळ्यांत शेवटी निघायचं असतं. शिकवलंय ना मी?"

"शिकिवलं आसशील. पोरीला आगीत ठिवून मी भायेर जाऊ?"

"काका, आग नाहीये."

"मग घाई कशाची?"

मुकादम हलले नाहीत म्हणून मागची रांग हलली नाही. रंगनाथने मनकर्णाबाईंना वडीलधाऱ्या म्हणून वाट दिली, तर पाहुणा आत बसलेला असताना आपण बाहेर जाणं बरं दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. मग पाहुण्याला चहासकट हातोहात दारापर्यंत आणण्यात आलं. सारंग मूळचा इथल्याच बोरी गावचा. दिनकररावांच्या पांढऱ्या मिशा त्याने जवळून पाहिल्या आणि त्याच्याही तोंडून निघून गेलं, "आधी तुमी, काका."

भोंगा वाजून वाजून बंद पडला. बाहेर कडुलिंबाखाली एक शेळी तेवढी वेळेत पोचली होती.

मधुवंती कापसाच्या गाठीवर बसली. हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाही ठरवता येईना. दिनकररावांनी टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, शून्य द्या, पर आमाला द्या," ते म्हणाले. "तिनं नीट शिकिवलं. आमच्याच्यानं तिला सोडून जाववलं न्हाई."

"आगीला शून्यच," सारंग म्हणाला. दारातल्या त्या गर्दीकडे त्याने एकदा पाहिलं. मग त्याने सौजन्याचं शून्य खोडलं आणि तिथे पैकीच्या पैकी लिहिले. "जळून मरायची वेळ आली तरी आधी तुमी म्हणायलेत. याच्यावर काय सौजन्य असतं?"

सरासरी बरोबर निम्मी झाली. मधुवंती कायम झाली. सगळे पेढे आणायला निघाले, म्हणजे दारापर्यंत गेले.

पुढच्या आठवड्यात दिनकररावांचा अर्ज कंपनीकडे रवाना झाला. सबब, शेडचे दार इतके रुंद करण्यात यावे, की समस्त कामगार, प्रशिक्षक व आलेले पाहुणे यांना एकाच वेळी, शेजारी-शेजारी बाहेर पडता येईल आणि कोणासही कोणाच्या आधी जावे लागणार नाही, ही नम्र विनंती.