पहिल्या ग्राहकाचा फोन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठरा वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून चूक होत नाही, असं माझं ठाम मत होतं. त्या दिवशी सकाळी दाढी करता करता हे मत मी बायकोला ऐकवलंसुद्धा. "अकराला जोडणी, साडेअकराला सगळं सुरळीत, बाराला माझं कौतुक," मी म्हणालो.

"कौतुकाचं तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "साडेअकराला माझा इंटरव्ह्यू आहे, फोनवर. तेवढा वेळ आपला फोन नीट चालेल ना?"

हा प्रश्न तिने मला विचारावा! आमटीत मीठ असेल ना, असं आचाऱ्याला विचारल्यातली गत. "अगं, आजपासून तर फोन आणखी छान चालणार," मी म्हणालो आणि हनुवटी कापून घेतली.

तिच्या इंटरव्ह्यूचं असं होतं. मुलं मोठी करण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आता तिला एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागातली नोकरी हवी होती, आणि नुसती हवी नव्हती, तर अगदी जिवापाड हवी होती. पंधरा दिवस ती आरशासमोर उभी राहून चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढत होती. कंपनीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: तीन वेळा फोन लावू, तीनदा न लागल्यास पुढचा उमेदवार. गंमत म्हणजे ज्या कंपनीची यंत्रं मी त्या दिवशी जोडणार होतो, तीच ही कंपनी. "पण वशिला लावलात तर याद राखा," असा दम तिने मला आधीच भरला होता.

आता माझं काम काय, तेही सांगतो. घाबरू नका, सोपं आहे. त्या काळी घरचा फोन फिरवूनच इंटरनेट लागायचं. लोक फोन लावायचे आणि चार-चार तास लाइन अडवून बसायचे. आमचं एक्स्चेंज पार घाईला आलं होतं. दोन एक्स्चेंज आपसात कुजबुजतात, कोण कोणाला फोन करतंय, कुठली लाइन मोकळी आहे वगैरे, त्यासाठी एक वेगळीच वाट असते. त्या वाटेवर इंटरनेटची यंत्रंही जोडून द्यायची आणि त्यांना ती कुजबुज शिकवायची, की झालं. मग इंटरनेटचे फोन आमच्या डोक्यावर न बसता परस्पर त्या यंत्रांकडे जातात. कॉम्प्युटरवर एक तक्ता असतो. त्यात लिहायचं, अमुक नंबरवर फोन आला की पाठव यंत्राकडे. बस्स.

तक्ता आदल्या दुपारी मीच तपासला होता. तपासणीला एखादा नंबर लागतो. आमच्या खात्यात रिवाज असा की तो नंबर स्वतःच्या घरचा घ्यायचा. दुसऱ्याचा घेतला आणि त्याचा फोन बिघडला तर तो शिव्या घालतो. घरचे काय, तशाही घालतातच. तपासणी झाली की तो नंबर तक्त्यातून पुसून टाकायचा, हाही रिवाजच. तेवढ्यात चहा आला होता, एवढंच मला आठवतं.

बरोबर अकराला मोठ्या साहेबांनी बटण दाबलं. साहेबांचा नियम कडक. जोडणीनंतर एक तास तक्त्याला कोणी हात लावायचा नाही, सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून नुसतं बघायचं. कीबोर्डाला पाठ लावून ते स्वतःच खुर्ची टाकून बसले. कंपनीचा चष्मेवाला इंजिनिअर, मी आणि आमची चार माणसं अशी सगळी वरात त्या यंत्रांपुढे उभी.

अकरा वीसला पहिला दिवा लागला.

"ग्राहक!" चष्मेवाला ओरडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आठ सेकंदांत दिवा विझला. मग पुन्हा लागला, पुन्हा विझला, असं पाच वेळा झालं.

"पण ग्राहकांना नवा नंबर आम्ही बारानंतर देणार होतो," चष्मेवाला डोकं खाजवत म्हणाला.

"चांगल्या गोष्टीची बातमी पसरते," मी म्हणालो. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, आनंदाने मी जमिनीपासून दोन बोटं वर होतो. साडेअकराला आणखी एकदा दिवा लागला, तेव्हा तर मी त्याला वाकून नमस्कार केला.

अकरा पस्तिसला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"जावईबापू, तुमच्या घरी काय चाललंय? लेकीला आशीर्वाद द्यावा म्हणून पाच वेळा फोन लावला. उचललं की कोणीतरी किंचाळतंय."

"तो इंटरनेटचा आवाज, आई," मी कौतुकाने म्हणालो. "यंत्र तसंच बोलतं. आधी शिट्टी, मग घरघर..."

"ते तुमच्या घरात कशाला बोलतंय?"

इथे मी बोटांवर मोजायला लागलो. पाच वेळा. अकरा वीस. आणि साडेअकराचा तो दिवा, ज्याला मी नमस्कार केला, तो कोणाचा होता? मी घरी फोन फिरवला. पलीकडे दिवा लागला आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तक्त्यापुढे साहेब बसलेले. सांगावं तर अठरा वर्षांची अब्रू जाते, न सांगावं तर बायकोची नोकरी जाते. मी असा विचार करत असतानाच दिवा लागला, आठ सेकंदांनी विझला. दुसरा प्रयत्न! आता उरला एक. यंत्राने उचलण्याआधी फोन ओढून घ्यायची सोय आमच्या तपासणीच्या फोनवर होती. तो फोन घेऊन मी कोपऱ्यात दबा धरून बसलो. पावणेबाराला दिवा लागला आणि मी झडप घातली.

"नमस्कार," बाईंचा आवाज आला. "इंटरव्ह्यूसाठी बोलतेय. आपण कोण?"

"मी त्यांचा नवरा."

"त्यांना द्या ना फोन."

"त्या घरी आहेत."

"बरं. मग द्या."

"मी घरी नाही."

"मी तुमच्या घरचा नंबर लावलाय. तुम्ही घरी नाही, तर उचललात कसा?"

"त्याचं काय आहे मॅडम," मी म्हणालो, "दोन एक्स्चेंज आपसात कुजबुजतात..." आणि मी समजावत सुटलो. ती वाट, तो तक्ता, तो रिवाज, तो चहा. "थोडक्यात, तुमचा फोन तुमच्याच यंत्रावर आलाय," असं म्हणून मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांचे हात अजून पाठीमागेच होते, पण तोंड उघडं होतं.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या लाइनवर कोणीतरी आहे."

मग मला फक्त बाईंचंच बोलणं ऐकू येत राहिलं. "हो, बोला... अच्छा, तुम्हीच का त्या... तुमच्याकडून बाहेर फोन लागतोय, पण आत येत नाही... हो, किंचाळण्याचा आवाज मीही ऐकला... आईंनी शेजारी फोन करून सांगितलं, बरं... तपासणीचा नंबर पुसायचा राहिला असेल? दोन वाक्यांत सांगितलंत हो तुम्ही... हो, ते आहेत इकडच्या लाइनवर... नाही, त्यांचं अजून समजावणं चाललंय."

मी फोन हळूच खाली ठेवला. साहेब उठले, खुर्ची बाजूला केली आणि आपला कडक नियम स्वतः मोडून स्वतःच्या हाताने माझं घर तक्त्यातून पुसलं.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "मिळाली," ती म्हणाली. "सोमवारपासून. त्यांनी विचारलं, दुसऱ्याचा घोळ इतका शांतपणे निस्तरायला कुठे शिकलात? म्हटलं, घरीच."

मला खरंच रडू आलं. आनंदाने, असं मी तिला सांगितलं.

सोमवारी दुपारी साहेबांनी मला बोलावून तक्रारीचा एक कागद पुढे सरकवला. कंपनीकडून आलेला, अक्षर ओळखीचं. 'तक्रार क्रमांक एक. कारण: एक्स्चेंजच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. उपाय: संबंधिताला घरी समज देण्यात आली आहे.'

त्याखाली साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'पुरेशी वाटत नाही. पुन्हा द्यावी.'

ती दिली गेली.