चार म्हंजे कवा?

सोनाजीकाकांना वेळ विचारली की ते आभाळाकडे बघत नसत, गावाकडे बघत.

"काका, कवा निघाचं?"

"पाटलीनबाईची पयली भाकर तव्यावर पडू दे."

"अन् वापस?"

"कुंभारीन सुनेवर वरडाच्या आत." कुंभारणीचं ओरडणं रोज दिवस कलताना, अगदी ठरलेलं!

एकदा पाटलीणबाई माहेरी गेली, तर हा बाबा रोज न्याहारीवाचून हिंडायचा. मी चिडून म्हटलं, "काका, भूक नाई लागत का?" तर म्हणे, "लागते ना गा, पन वखत कुठी झाला?" घ्या आता! बोला काय बोलता ते.

मग कापसाला सोन्याचा भाव आला अन् पाटलांनी भिंतीवरचं घड्याळ आणलं. सारं गाव बघायला लोटलं. काकांनी ठोके ऐकले अन् तोंड वाकडं केलं. "नुसतं बोंबलते. कोनाच्या घरी काय चालू हाये, ते काई सांगत नाई."

अन् नेमका काकांच्या लेकीचा निरोप आला. गंगू लग्न होऊन अमरावतीकडे गेली, ती माहेरी आलीच नव्हती. कापसाच्या धामधुमीत सासरचे सोडतात कशाला? आता तिचा दीर नव्या आगगाडीनं मुंबईला निघाला होता. जाताना तिला अकोल्याला उतरवणार होता, चार वाजता. घ्यायला कोणी नसलं तर तिला एकटी सोडणार नव्हता, सोबत पुढे नेणार होता. म्हणजे माहेर बुडालंच.

काका माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. "बापू, चार म्हंजे कवा गा?"

"दिवस कलल्यावर, काका."

"पन अकोल्यात मी कोनाच्या घराकडं पाहू?"

उजाडायच्या आत त्यांनी मला बैल जुंपायला लावले. ऊन कोवळं होतं तेव्हाच आम्ही स्टेशनात. काका घडीघडी स्टेशनातल्या बाबूला विचारत, "चार झाले का जी?" बाबू खेकसला, तरी हलले नाहीत. शिदोरी सोडली नाही, पाण्याला उठले नाहीत. उठलो अन् तेवढ्यात चार होऊन गेले तर? आधी मला हसू येत होतं, मग मीच बाबूकडे जाऊन विचारू लागलो.

गाडी आली. गंगू उतरली, धावत येऊन बापाच्या पाया पडली. त्यांचं उन्हानं रापलेलं तोंड बघून तिचे डोळे भरले.

"बाबा, कवापासून बसून राह्यले तुमी?"

काकांचे पाय आखडले होते. माझ्या खांद्याला धरून कसेबसे उभे राहिले.

"आत्ताच तं आलो वं, माय."