गवाबुवांचा पूर्वरंग

एका जंगलात दरवर्षी उन्हाळ्यात कीर्तन चालायचं, आणि कीर्तन चालू झालं की श्रोतेही चालू लागायचे.

मुलांनो, हसू नका. गवाबुवांना त्याचं फार वाईट वाटायचं.

गवाबुवा म्हणजे एक भलामोठा गवा. गळ्यात हार, कपाळावर बुक्का आणि पायांत जन्मापासूनचे पांढरे मोजे. ओढ्यापलीकडच्या माळावर, वडाखाली ते कीर्तनाला उभे राहायचे. सगळ्यांची घरं ओढ्याच्या अलीकडे होती. माळावर वाळलेलं गवत सशाच्या कानांपेक्षा उंच व्हायचं. बुवांना दरवर्षी एकच गोष्ट सांगायची असायची. गवत काढा, नाहीतर एखाद्या दिवशी इथेच वणव्यात सापडाल.

पण ती गोष्ट यायची उत्तररंगात. कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे उपदेश. मग उत्तररंग, म्हणजे गोष्ट. बुवांचा पूर्वरंग 'तृण' या शब्दाच्या व्युत्पत्तीपासून सुरू व्हायचा.

"पाडस घरी एकटंच आहे हो," असं म्हणून हरिणी उठायची. ससा काहीच न म्हणता जायचा. बुवांशी नजरानजर नको म्हणून जाताना कोणीही मागे वळून बघायचं नाही. उत्तररंगाला उरायचे फक्त साळिंदरअण्णा, कारण पखवाजाचा पट्टा त्यांच्या काट्यांत अडकलेला असायचा.

एकदा जवळच्या गावात जत्रा भरली. तिथे पडद्यावर मारामारीचा सिनेमा लागला. बुवा आणि अण्णा करवंदीच्या जाळीमागून बघू लागले.

सुरुवातीलाच एक मोटार दरीत कोसळली.

"अण्णा, कोणाची हो मोटार?"

"काय माहीत!"

"मग तुम्ही श्वास का रोखलाय?"

अण्णांनी घाईघाईने श्वास सोडला.

मग बॉम्ब टिकटिकू लागला. आता फुटणार, तोच मध्यंतर झालं. बुवा बघतच राहिले. "ऐन वेळी थांबवलं, तरी एकही माणूस घरी गेला नाही! भजी घेऊन परत आले सगळे!"

शेवटी नायकाच्या पाठीमागे अख्खा कारखाना उडाला. नायक काळा चष्मा लावून संथपणे चालत राहिला.

"हा मागे वळून का बघत नाही?"

"आपल्या श्रोत्यांपैकी असेल," अण्णा म्हणाले.

बुवांनी त्याच दिवशी पूर्वरंग काढून टाकला.

"पूर्वरंगाशिवाय कीर्तन? लोक काय म्हणतील, बुवा?"

"म्हणायला आधी थांबतील तरी!"

आणि थांबले की हो! बुवांनी पहिल्याच वाक्यात एक कोल्हा कड्यावरून लोंबकळत ठेवला. मग वणवा आणला. वणव्याला मिशा होत्या आणि तो खदाखदा हसायचा. ज्वाळा कोल्ह्याच्या शेपटीला लागणार, तोच बुवा म्हणाले, "मध्यंतर!" रानडुकराने शिट्टी मारली. माकडीणकाकू तर रडल्याच.

शेवटी बुवा कळवळून म्हणाले, "म्हणून सांगतो, हे गवत काढा!"

"वाहवा! वन्स मोअर!" सगळे ओरडले.

गवत तसंच राहिलं. उलट बसायला मऊ लागतं म्हणून माकडीणकाकूंनी आणखी आणून पसरलं.

दुसऱ्या दिवशी कीर्तन रंगात आलं असताना डोंगराच्या बाजूने खरोखरच धूर आला.

"वणवा! पळा!" बुवा ओरडले.

"आज धूरसुद्धा आणलाय!" माकडीणकाकू खूश झाल्या. "बुवांनी खर्च केलाय हो."

"अहो, खरा वणवा आहे!"

"काल पण असंच म्हणाले होते," रानडुक्कर शेजारच्याला म्हणालं. "बस खाली. आता नायक येईल."

एक ठिणगी सशाच्या पाठीवर पडली. त्याने टाळ्या वाजवल्या.

एवढ्या कष्टाने खिळवून ठेवलेले श्रोते आता उठवायचे कसे? बुवांनी अण्णांकडे पाहिलं. मग हार सारखा केला, घसा खाकरला आणि संथपणे म्हणाले, "तर श्रोतेहो, आता आपण 'तृण' या शब्दाची व्युत्पत्ती पाहू."

माकडीणकाकूंनी जांभई दिली.

"तृण शब्दाचे अर्थ अनेक. त्यांतील पहिल्या अर्थाचे उपप्रकार..."

"पाडस घरी एकटंच आहे हो," हरिणी उठली. ससा तर दिसेनासाच झाला. रानडुक्कर "पाणी पिऊन आलोच" म्हणून ओढ्याकडे गेलं. बघता बघता माळ रिकामा झाला. पाठीमागे गवत धडाधड पेटत होतं आणि सगळे संथपणे ओढा ओलांडत होते. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

"अण्णा, तुम्हीही पळा!"

"केव्हाचा पळतोय, बुवा. पट्टा अडकलाय!"

बुवांनी अण्णांना पखवाजासकट शिंगावर घेतलं आणि ओढ्यात उडी मारली. अण्णांचे काटे बुवांना आठवडाभर टोचत होते.

सगळे वाचले. माळ मात्र काळा झाला. सकाळी माकडीणकाकू ओढ्याकाठी सगळ्यांना सांगत होत्या, "बुवांचं काही खरं नाही. काल परत तेच रटाळ! नशीब, आपण वेळेवर उठलो."

तात्पर्य: मुलांनो, कंटाळवाण्या वक्त्याला नावं ठेवू नका. तो तुमचा जीव वाचवत असेल. अशा वेळी त्याचा मान राखावा आणि ताबडतोब उठून जावं. (शाळेच्या स्नेहसंमेलनात हे जमत नाही. तिथे पाहुणे बोलायला उभे राहण्याआधीच दारं लावून घेतात.)