रविवारचं पंक्चर

माझ्या वडिलांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, खडू असे. लग्नाला जाताना खडू, बाजारात जाताना खडू, आणि एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती व्हायला जातानाही खडू. त्यांच्या प्रत्येक शर्टाचा डावा खिसा पांढरा पडलेला असायचा. आई म्हणायची, "या माणसाची छाती उघडली तर आत भुकटीच निघणार." डॉक्टरांनी पोट उघडलं, छाती नाही, म्हणून ते तेवढं सिद्ध व्हायचं राहिलं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, पणजोबांची भाषा कोणती होती, आणि आजी, तुला ती येते का? "मल्याळम, आणि नाही," एवढं सांगून मी तुम्हाला तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. तुमच्या पणजोबांनी असल्या उत्तराला शून्य मार्क दिले असते. म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते.

"पायरी दाखव." हे त्यांचं आवडतं वाक्य. नुसतं उत्तर त्यांना चालत नसे, तिथे कसं पोचलात ते हवं. नववीच्या चाचणीत मी एका गणिताचं बरोबर उत्तर पायऱ्या गाळून लिहिलं, तर भर वर्गात शून्य देऊन म्हणाले, "उत्तर शेजारच्या मुलीच्या वहीतही असतं. पायरी दाखव." घरी आई म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालंय वाटतं." हे लगेच, "पायरी दाखव." मी तुमच्या आजोबांशी लग्न करायचं ठरवून घाबरत घाबरत सांगितलं, तेव्हाही न रागावता म्हणाले, "उत्तर ठीक वाटतं. पायऱ्या कागदावर लिहून आण." मी आणल्या. त्यांनी तिसरी पायरी खोडली आणि होकार दिला. तिसरी पायरी म्हणजे तुमच्या आजोबांचे डोळे.

ते केरळातल्या एका खेड्यातले. बी.एस्सी. झाल्यावर नोकरी शोधत मुंबईला आले आणि कुणीतरी त्यांना सांगितलं, महाडला गणिताचा मास्तर हवाय, मुंबईच्या जवळच आहे. दिवसभर धूळ खात, घाटातून वळणं घेत ते महाडला उतरले आणि त्यांनी हेडमास्तरांना पहिला प्रश्न विचारला तो "जवळ" या शब्दाच्या व्याख्येचा. परत जायला त्या दिवशी गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्ग होता. मग ते राहिलेच.

गावाने त्यांचं नाव ठेवलं मद्रासी सर. "मद्रास माझ्या गावापासून तीनशे मैल," ते सांगत. "तुम्हाला मी सुरतवाला म्हटलं तर चालेल?" लोक म्हणत, "बरोबर आहे तुमचं, मद्रासी सर."

मराठी ते दोन वर्षांत शिकले, क्रमिक पुस्तकातून. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याला कर्ता, कर्म, क्रियापद आणि शेवटी पूर्णविराम असे. माणसं बोलतात तशी अर्धवट वाक्यं त्यांना जमत नसत. चेष्टामस्करी तर नाहीच. शिकवत मराठीत, पण वहीवरच्या मार्कांची बेरीज करताना मात्र त्यांचे ओठ हलायचे. ओन्नु, रंडु, मून्नु, नालु. मी विचारायची, "बाबा, मला शिकवा ना तुमची भाषा." ते म्हणायचे, "तू इथे ती कोणाशी बोलणार? इंग्रजी शिक. उपयोगी पडेल." मी आज्ञाधारक. इंग्रजी शिकले, जन्मभर इंग्रजी शिकवलं.

आई तुडीलची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला मागणी घालायला बाबा एकटेच गेले, कारण बरोबर न्यायला त्यांचं इथे कुणीच नव्हतं. माझे आजोबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"मास्तर, डिग्री हाय, ती ठीक. औटकी येतेय काय?"

"औटकी म्हणजे काय आहे?"

"घ्या! अवो, साडेतीनाचा पाढा! गणिताचा मास्तर ना तुम्ही? सांगा बघू, औट सत्ते किती?"

बाबांनी खडू काढला आणि ओटीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुणाकार मांडला. खडू सारवणावर उमटेना. तोवर आजोबांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "साडेचोवीस."

दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. बाबा मांडी घालून खाली बसले आणि म्हणाले, "कृपया मला शिकवा." मग पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असं सगळं ते तीन रविवार तुडीलला जाऊन माझ्या आजोबांकडून शिकले. चौथ्या रविवारी आजोबा घरात ओरडून म्हणाले, "शिकायला लाजत नाय गो हा माणूस! पोरगी द्यायला हरकत नाय." आई सांगायची, माझं लग्न साडेतीनाच्या पाढ्यावर ठरलं.

आता मुख्य गोष्ट.

निवृत्त झाल्यावर बाबांकडे एक सायकल होती, तिच्यावरून ते रोज सकाळी चवदार तळ्याला एक फेरी मारून येत. मी आणि तुमचे आजोबा दोन गल्ल्या सोडून राहायचो. त्यांच्या औषधांची यादी मी कपाटाच्या दाराला लावली होती, वेळेप्रमाणे, तीन रंगांत. तर एका वर्षी अचानक त्या सायकलचं मागचं चाक दर शनिवारी संध्याकाळी पंक्चर व्हायला लागलं. आणि रविवारी सकाळी बाबा ते चाक काढून, काखोटीला मारून, एसटीने पोलादपूरला दुरुस्तीला न्यायला लागले.

"महाडातले पंक्चरवाले मेलेत काय?" आई विचारी.

"पोलादपूरचा माणूस काम व्यवस्थित करतो," बाबा सांगत.

"व्यवस्थित करतो तर दर आठवड्याला कसं फुटतं?"

यावर ते चप्पल घालत.

एसटीचे निम्मे कंडक्टर त्यांचे विद्यार्थी. एक जण म्हणाला, "सर, चाकाचं अर्धं तिकीट फाडू काय?" बाबा म्हणाले, "आधी याचा परीघ सांग." पोलादपूर येईपर्यंत तो बिचारा परत पुढच्या सीटांकडे फिरकला नाही.

मला अव्यवस्था बघवत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाने चाक मांडीवर घेऊन हिंडावं हे मला पटेना. मी बाजारातून चांगला टायर आणि नवी ट्यूब आणून बसवून घेतली. "आता वर्षभर काळजी नाही, बाबा." त्यांनी टायर दाबून पाहिला. "उत्तम आहे," म्हणाले, पण आमटीत मीठ जास्त झाल्यासारखे.

पुढच्या शनिवारी चाक पंक्चर. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शनिवारी मी चष्मा लावून ते तपासायला बसले. रस्त्यावरचा खिळा टायरला खालून लागतो. हे भोक बाजूला होतं. आणि आधीची दोन भोकंही बाजूलाच, एका ओळीत, एकमेकांपासून बरोबर सारख्या अंतरावर. कुठलाही खिळा इतका नीटनेटका नसतो. मी उठले आणि त्यांची जुनी कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या टोकाला काळं रबर लागलेलं होतं.

पायऱ्या सगळ्या जुळल्या, पण उत्तर काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या एसटीने मी पोलादपूरला गेले. मनात बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं: बाबा, हे शोभतं का?

हायवेच्या कडेला टायरची एक टपरी होती. मी उभ्या असलेल्या एका ट्रकच्या आडून पाहिलं. बाबा पाठमोरे, एका मोठ्या टायरवर बसलेले. समोर पंक्चरवाला, तिशीचा, हात ग्रीसने माखलेले. आणि बाबा बोलत होते. हातवारे करत, मधेच वाक्य तोडत, दुसऱ्याचं वाक्य पळवत, मांडीवर थाप मारत. तो पोरगा हसून हसून "माशे! माशे!" म्हणत डोळे पुसत होता. माशे म्हणजे मल्याळममध्ये मास्तर. मला नंतर कळलं.

चाळीस वर्षांत मी माझ्या वडिलांना कुणाला हसवताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं ते गंभीर आहेत. ते गंभीर नव्हते. ते भाषांतर करत होते.

त्या पोराला मी दिसले. "क्या हुआ ताई? गाडी किधर हाय?"

मी मानेनेच काही नाही म्हटलं आणि बाबांनी वळायच्या आत स्टँडकडे निघाले. पाठ केलेलं वाक्य बोलले असते, तर बाबांनी मान खाली घालून चूक कबूल केली असती आणि रविवार बंद झाले असते. घरी येऊन मी आईला सांगितलं, "पोलादपूरचा माणूस खरंच व्यवस्थित आहे."

चार-पाच वर्षं हे असंच चाललं. सायकल चालवणं सुटलं तरी चाक पंक्चर होत राहिलं. आईनेही विचारणं सोडलं. मग बाबांचे हात थरथरायला लागले. खडूची रेघ वाकडी जायला लागली.

एका रविवारी सकाळी मी गोळ्या द्यायला गेले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. शेजारी चाक. टायर टणक.

"आज नाही फुटलं का हो तुमचं चाक?" आतून आई.

"नाही," बाबा म्हणाले. "टायर चांगला आहे."

मी चाकाकडे पाहिलं. बाजूला नुसते ओरखडे होते, सात-आठ. कर्कटक घसरलं होतं.

"जरा पुसून आणते, धूळ आहे," असं म्हणून मी चाक स्वयंपाकघरात नेलं आणि पोती शिवायचं दाभण घेऊन जोर लावला. सुस्स झालं. आई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलंच नाही.

चाक परत ओट्यावर ठेवलं. "बाबा, पंक्चर दिसतंय हो."

त्यांनी टायरवरून बोट फिरवलं. भोकाशी थांबले.

"हे दाभणाचं आहे," ते म्हणाले. "आणि अंतर चुकलं. अर्धा इंच पुढे हवं होतं."

त्यांनी खिशातला खडू चाचपला, भिंतीला धरून उठले आणि पायात चप्पल सरकवली.

"पण उत्तर बरोबर आहे," म्हणाले. "चाक तू घे. नऊची गाडी चुकेल."

पायऱ्या त्यांनी विचारल्या नाहीत.