भाताच्या गावातली भाकर

आमच्या करडी गावात शनिवारी सकाळी थप थप थप असा आवाज आला की समजायचं, डोमाजी भूकंपाची तयारी करून राहिले.

अंगणात चूल, चुलीवर तवा, पुढ्यात परात आणि परातीत ज्वारीचं पीठ. डोमाजी मांडी घालून भाकरी थापतात आणि एकही भाकर स्वतः खात नाहीत. त्यांना भातच लागतो. आम्ही सगळेच इथले भातखाऊ. सकाळी भात, संध्याकाळी भात, ताप आला तर पेज. अशा गावात हा माणूस वर्षानुवर्षं भाकर थापतो आणि कुंपणावरून मला देतो. कारण काय, तर मी शेजारी आणि त्यातून चक्कीवाला. म्हणजे पीठ माझंच, भोगही माझाच.

देऊन झालं की जात नाहीत. उभे राहतात. मी घास तोडायचा, चावायचा आणि निकाल सांगायचा.

"कशी झाली?"

"चांगली झाली, डोमाभाऊ."

"खोटं नको बोलू, शामराव. भूकंपातल्या मानसाले खोटी भाकर चालत नाही."

आता खरी भाकर आणि खोटी भाकर यात फरक काय, ते मला आजवर कळलेलं नाही. इतकंच कळतं की डोमाजींची भाकर जाड होते. कडेला फाटते. मधे कच्ची, वरून करपलेली. एकदा आमच्या मंडळींनी ती ताकात भिजत घातली. दुपारी पाहिलं तर ताक आटलेलं आणि भाकर जशीच्या तशी. वर डोमाजी विचारायला हजर. "ताकात कशी लागली, वहिनी?" बायको म्हणाली, अजून लागायची आहे.

ज्वारी दळायला आणतात तेव्हा तर माझी परीक्षाच. गव्हाचा कण राहता कामा नये. आधी चक्की झाडा, मग मूठभर ज्वारी टाकून ते पीठ बाजूला काढा, मग खरं दळण. मागे रांगेत बायका डबे घेऊन उभ्या, आणि हे चिमटीत पीठ घेऊन चोळून पाहतात. मी चिडून एकदा विचारलं की भाऊ, ही भाकर खाणार कोण? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच अडाणी. "भूकंप काय सांगून येते काय?" म्हणाले. हात बसलेला असला पाहिजे.

तुम्हाला वाटेल, डोक्यात फरक असेल. नाही हो. डोमाजी आमच्या पंचक्रोशीतले नावाजलेले आचारी. लग्न असो, तेरवी असो, भागवत सप्ताह असो, चुलीवरचा भाताचा गंज त्यांच्याच हातचा. हजार पानांचा भात मोकळा शिजवतील आणि शीत करपू देणार नाहीत. फक्त एक खोड आहे. चूल पेटवण्याआधी विचारतात, "पहिले विचारलं काय, थे खातेत काय?" वरपक्षाला विचारतात. भजनी मंडळाला विचारतात. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात, ही आपली रीत. तर डोमाजी रडणाऱ्या माणसाच्या शेजारी उकिडवे बसून हळूच विचारतात, "भात आनू का पोळी?" लोक डोळे वटारतात. एकदा तर मयताच्या जावयानं यांना हात धरून बाहेर काढलं होतं. बाहेर अंगणात त्यांनी त्यालाच विचारलं, आणि तो म्हणाला, पोळी.

हे विचारायचं वेड त्यांना लागलं त्याला एक कारण आहे, आणि ते कारण साऱ्या गावाला पाठ आहे. फार वर्षांपूर्वी तिकडे मराठवाड्यात मोठा भूकंप झाला होता. गावंच्या गावं मातीत गेली. आमच्या करडीनं घरोघरी फिरून तांदूळ गोळा केला, तुमसरच्या एका राइस मिलवाल्यानं ट्रक दिला आणि वर पोती टाकली. मी तेव्हा पोती चढवायला होतो. गावातले पोट्टे निघाले आणि आचारी म्हणून सोबत डोमाजी. आपल्याकडे जे चांगलं असतं तेच माणूस देतो. आमच्याकडे तांदूळ चांगला, आम्ही तांदूळ दिला. तिकडचा माणूस ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला असतो, हे ट्रकभर लोकांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी लोकांनी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी खाल्ला. मग एक म्हातारी ताटलीकडे पाठ करून बसली. डोमाजी जवळ गेले तर ती म्हणाली, "भाकर हाय का रं?" हजार पानांचा आचारी, पण याला एक भाकर येत नव्हती. पडलेल्या घरांतून ज्वारी काढली, जातं काढलं, पीठ केलं, थापली, आणि तव्यावर टाकता टाकता तिचे तीन तुकडे झाले. "मंग त्या बुढीनं मले भाकर शिकवली," असं म्हणून डोमाजी थांबतात. कितीही खोदा, गोष्ट तिथेच संपते. ट्रक परत आला, पोट्टे परत आले, हे मात्र तिकडेच राहिले. आले ते पाऊस लागायच्या आधी, धान पेरायला. बोलताना मधेच "व्हय, व्हय" म्हणायला लागले होते. ते वर्षभरात गेलं. भाकर राहिली.

यंदा पार वर, उत्तरेकडच्या पहाडात भूकंप झाला. टीव्हीवर पाहिलं आणि मी आधी कुंपणाकडे पाहिलं. डोमाजी अंगणात उभे होते, धोतराचा काष्टा घट्ट करत.

माझा पुतण्या पंकज गावच्या मंडळाचा पुढारी. चांगला बायकोपोरांचा बाप्या, पण उत्साह असा की सांगता सोय नाही. त्यानं त्याच दिवशी भोंगा फिरवला, आणि संध्याकाळी समाजमंदिरात तांदळाची पोती लागायला लागली. डोमाजी दारात जाऊन उभे राहिले. पहिले विचारलं काय? पंकज म्हणाला, काका, यांना आवरा. मी काय आवरणार? मलाच आजवर आवरता आलं नाही.

पंकजनं विचारलं नाही, म्हणून डोमाजी स्वतः विचारायला निघाले. तुमसरच्या एका मिलमध्ये पहाडातला चौकीदार आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. एसटीनं गेले, त्याला शोधला, त्याच्यासोबत चहा पिऊन परत आले आणि थेट माझ्या चक्कीवर येऊन बसले. पट्टा फिरत होता, मी दळत होतो. दळणातलं पीठ चिमटीत घेऊन चोळत राहिले.

"काय म्हणाला चौकीदार?" मी विचारलं.

"भातच खातेत," डोमाजी म्हणाले.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो. दळायला आलेल्या बाया हसल्या. संध्याकाळपर्यंत सारी करडी हसत होती. उभा जन्म भाकर थापली, आणि भूकंप आला तो भात खाणाऱ्यांच्या घरी. दुसरा कोणी असता तर तोंड लपवलं असतं. हे समाजमंदिरात गेले आणि पंकजला म्हणाले, बरोबर हाय तुझं, तांदूळच ने. फक्त उसना, म्हणजे उकडा, नको, साधा ने, थे उसना नाही खात. अर्धी पोती उतरवून पुन्हा भरावी लागली. पंकजनं कपाळाला हात लावला, पण भरली.

मग डोमाजींनी विचारलं, आचारी कोण?

खरी अडचण इथे होती. डोमाजींना जायचं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. मला एकट्याला चक्कीवर म्हणाले होते, "तिकडं बी एखादी माय पाठ करून बसली असंन, शामराव. या पोट्ट्याइले दिसनार नाही." पण वय झालेलं, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, आणि पहाडात सगळ्या पायऱ्याच. त्यांच्या नागपूरच्या मुलानं पंकजला फोन करून बजावलं की बाबांना नेलंस तर याद राख. घरात बाई असती तर तिनं समजावलं असतं. पण डोमाजींची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली. घरात ते आणि ती चूल.

ट्रक निघायच्या दिवशी डोमाजी सकाळीच ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले. मांडीवर पिशवी, पिशवीत एक धोतर आणि फडक्यात गुंडाळलेला सराटा, भात हलवायचा. पंकजनं हात जोडले. म्हणाला, भाऊ, तुम्हाला काही झालं तर मी गावात तोंड कसं दाखवू? डोमाजी वाद घालतील असं मला वाटलं होतं. मी मजा पाहायलाच आलो होतो. पण ते हळूच उतरले, सराटा काढून पंकजच्या हातात दिला आणि पिशवी काखेत मारून घराकडे गेले. मला हसू आलं नाही.

त्या शनिवारी थप थप आली नाही. मी म्हटलं, रुसले असतील. बायको म्हणाली, बरं झालं, एक दिवस दात वाचले. पुढच्या शनिवारीही धूर दिसला नाही, तेव्हा तीच म्हणाली, "अहो, जाऊन तर पाहा. तुम्हाला काय कुंपण ओलांडता येत नाही?" मला तिनं आधी जेवायला घातलं. पोटभर भात, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी. मग गेलो.

डोमाजी खाटेवर बसले होते. चूल थंड होती. ज्वारीची पिशवी भिंतीला टेकून तशीच. मी म्हटलं, दळायला नाही आणली? तर म्हणाले, आता कोनासाठी थापू गा? जगाले भात लागते. मी इकडचं तिकडचं बोललो. धान, पाणी, चक्कीचा पट्टा. ते हूं हूं करत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पंकज, पहाडातून. आवाज तुटत होता. म्हणाला, काका, डोमाभाऊ फोन उचलून नाही राहिले, जवळ आहेत काय? मी फोन मोठ्या आवाजावर करून खाटेवर ठेवला.

पंकजचं म्हणणं असं की सगळं नीट चाललं आहे, भात मोकळा होतो आहे, लोक खात आहेत. पण एक म्हातारी आहे. तिच्या घरातलं कोणी उरलं नाही. ती जेवतच नाही. काय खाणार ते विचारलं, दुभाष्या लावून विचारलं. मान हलवते आणि भिंतीकडे तोंड करते.

डोमाजी फोनकडे वाकले. "तू जेवला काय, पंकज?"

"कुठं, भाऊ? सगळ्याइचं झाल्यावर."

"मंग तिच्यापाशी जाऊन बस. ताट तिच्यासमोर ठेव अन् सांग, माय, मी उपाशी आहो."

"अन् मंग?"

"अन् काही नाही. बसून राह्य."

फोन ठेवला. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते भिंतीकडे पाहत होते. मग आपणहून बोलायला लागले, आणि जिथे नेहमी थांबतात त्याच्या पुढे गेले. म्हणाले, भाकरीचे तुकडे झाले ना गा, तरी त्या बुढीनं ते खाल्ले नाहीत. माह्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "तू जेवलास का रं लेकरा?" मी सांगितलं, नाही माय, दोन दिवसांपासून सवडच नाही. तेव्हा ती उठली. मले म्हने, सरक तिकडं. स्वतः थापली, स्वतः भाजली, अर्धी मले देल्ली अन् अर्धी स्वतः खाल्ली.

"तिचं समदं घर गेलं होतं, शामराव. अन् थे मले विचारे. मी इतक्या पंगती वाढल्या, आचाऱ्याले कोनी विचारत नाही." मग म्हणाले, "गोड लागली होती. माह्या हातानं तशी होतच नाही. मंग मी खात नाही."

छातीत भरून आलं होतं आणि पोटात भात, वरण, वांगं. त्या थंड चुलीकडे पाहिलं आणि म्हटलं, "डोमाभाऊ, मी उपाशी आहो."

त्यांनी माझ्या मिशीकडे पाहिलं. वरणाचा पिवळा डाग तिथे असणार, मला पुसायची सवय नाही.

"वहिनीनं जेवू नाही घातलं?"

"नाही," मी म्हटलं.

ते उठले. काटक्या मोडल्या, चूल पेटवली. मागच्या दळणाचं थोडं पीठ डब्याच्या तळाशी होतं, ते परातीत घेतलं. थप थप सुरू झाली. पलीकडे आमच्या अंगणात बायको कपडे वाळत घालत होती, ती थबकून कुंपणाशी आली आणि काही न विचारता परत गेली. भाकर तव्यावर पडली तेव्हा पंकजचा फोन आला. म्हातारीनं आधी त्याला भरवलं होतं, मग स्वतः जेवली होती. डोमाजींनी मान हलवली आणि म्हणाले, बरं, ठेव आता, माही भाकर करपते.

भाकर करपलीच. कडेला फाटलीही. त्यांनी ती ताटलीत घालून मीठ-तिखटासोबत माझ्यापुढे ठेवली आणि नेहमीसारखे निकालाला उभे राहिले. मी ती मधून तोडली, अर्धी हातात घेतली आणि ताटली त्यांच्याकडे सरकवली.

"आधी तुम्ही," मी म्हटलं.

डोमाजी खाली बसले. घास तोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावत राहिले.

"जाड झाली गा," म्हणाले, आणि दुसरा घास तोडला.