आवडाबाईंची परात

मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात वीस वर्षं बसणाऱ्या आवडाबाईंना त्या सकाळी पहिल्यांदाच कुणीतरी कंजूष म्हणालं. तेही तोंडावर!

"एवढासा वाटा? कंजूषपणा नुसता! शेजारी बघा केवढा देतात!" नेहमीच्या गिऱ्हाईक नम्रताताई म्हणाल्या आणि सरळ सोनूबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

आवडाबाईंचं डोकं फिरलं. फिरणारच! दोघी रोज लिलावात मांदेलीची एकच टोपली घेऊन निम्मी-निम्मी वाटून घेत. वाटाही सारखाच, काठोकाठ एक करवंटी. सोनूबाई तो जुन्या छोट्या ताटलीत मांडत. आवडाबाईंनी मात्र आज भलीमोठी नवी परात काढली होती, गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून. मितेशच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नातला आहेर. ढीगभर भांडी आली होती, कुठलं कुणाचं ते देवाला ठाऊक.

तासाभरात सोनूबाईंची टोपली अर्धी झाली आणि आवडाबाईंच्या टोपलीवर माश्या बसल्या.

"सोने, तू जास्त घालतेस!"

"मी कशाला घालू गो? मोज की!"

भर बाजारात दोन्ही वाटे त्याच करवंटीत ओतून झाले. दोन्ही काठोकाठ.

"बगा! माजं माप खोटं हाय काय?" आवडाबाई कडाडल्या.

"माप बरोबर आहे हो," मघापासून बघत उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "पण तुमचा वाटा दिसतो छोटाच." आणि त्यांनी पिशवी सोनूबाईंपुढे उघडली! आता अशा माणसाला काय म्हणावं?

तेवढ्यात सून नेत्रा डबा घेऊन आली. सगळं ऐकून तिने परातीतला वाटा डब्याच्या झाकणात काढला. तो एकदम भरघोस दिसायला लागला.

"आई, मासळी तेवढीच हाय. भोवती मोकळी जागा असली की मधलं लहान वाटतं. शाळेत चित्र होतं आमच्या. दोन सारखेच गोल, पण मोठ्या कड्यातला बारका दिसायचा."

"म्हंजे वीस वर्षांचं माजं नाव ह्या परातीनं घालवलं?"

आवडाबाईंनी परात धुतली, पदराने लख्ख पुसली आणि गोड हसत शेजारी गेल्या.

"सोने, मगाशी उगाच बोलले गो तुला. ही परात घे. तुज्याकडंच शोभंल."

सोनूबाईंनी परात उपडी करून पुढे धरली. तळाला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. नेत्राने मोठ्याने वाचलं, "चि. मितेशच्या लग्नास, सोनूबाईकडून सप्रेम भेट."

"मी दोन दिवस मासळी मांडली हिच्यात," सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "मगच नाव घालून तुला दिली."